सगुणेची ओळ

१

“लावली म्हंजे काय लावली?”

“लावली म्हंजे लावली. टाकाला टेकवली, मंग तुमच्या लेकीच्या हातात दिली. बिजवराला पोर दिली तव्हाच ठरलंय ते. घरात जे येईल ते आधी तिला, मंग हिला. तुमच्या जाफराबादेत काय उलटं करतात?”

“रीत लुगड्याची हाये, ईनबाई. डागिन्याची हाये. चोरचोळीची न्हाई.”

“चोळी काय लोखंडाची असती? कापडच ना ते.”

“कापड दिसायला. चोरचोळी अंगाला न्हाई, पोटाला असती. तिसरा लागला, पोट ऱ्हायलं, म्हणून गुपचूप देतात ती. ती तुमी आधी मेलेल्या बाईला दिली. आन् ती बी कशी मेली? पाच महिन्यांची पोटुशी.”

द्वारकाबाईच्या पुढ्यात सूप होतं, सुपात ओटीचे गहू. निवडणं काही थांबलं नाही. केदारखेड्यात तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. पोलीस पाटीलसुद्धा तिच्या मळ्यावरून जाताना घोड्याला हळू चालवायचा. आणि ही विहीण, पुष्पाबाई, काल दिवेलागणीला जाफराबादच्या गाडीतून उतरलेली, अजून लुगड्याच्या घडीतली वाटेची धूळ झाडलेली नाही, ती तिच्याच ओसरीत मांडी घालून तिला रीत शिकवत होती.

ती रीत अशी. मच्छिंद्र हा द्वारकाबाईचा लेक. त्याची पहिली बायको सगुणा वारली, मग पुष्पाबाईची दुर्गा दुसरेपणावर आली. अशा बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा: चांदीचा पत्रा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावा. फूल आलं, आधी टाकाला. पहिलीचा मान पहिलीला दिला म्हणजे दुसरीचा संसार सुखाचा होतो, असं बायका मानायच्या आणि निमूट पाळायच्या. द्वारकाबाईनं तर जरा जास्तच काटेकोर पाळलं, कारण सगुणा तिच्या सख्ख्या भावाची लेक होती.

“मह्या लेकीला सातवा लागलाय,” पुष्पाबाई म्हणाली. “टाक उतरवा. पोर गाडीत बसवा. पहिलं बाळातपण माहेरचं असतंय.”

“एक पोर धाडल्ती म्या माहेरी. भावाचंच घर, म्हणून इश्वासानं धाडली. पाचव्या महिन्यात, चार दिवस आराम कर म्हणलं. ताप आला न् गेली. मला तोंड बी दिसलं न्हाई तिचं. परत काय आलं? नखाएवढा पत्रा. आता दुसरी धाडायची न्हाई, कोणी कितीबी रीत सांगू द्या.”

“आन् त्या घरामागच्या फुलांचं काय?”

“काय व्हायचंय फुलांना? हिरीचं पाणी थंडीत कोमट असतंय. भिंतीची ऊब हाये. फुलली.”

“मार्गशीर्षात मोगरा?”

“फुलला तर फुलला. तुमच्या लेकीची वाडी हाये आज. फुकटची फुलं मिळून राह्यली, तर तोंड काहून वाकडं करता?”

२

मोगरा हे काही मनाला येईल तेव्हा फुलणारं झाड नाही. दसऱ्याला त्याचं पाणी तोडायचं. पानं ओरबाडायची, फांद्या छाटायच्या आणि त्याला उघडं, कोरडं, उपाशी ठेवायचं. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. माघ सरताना मुळाशी शेणखत घालून पाटाचं तोंड उघडलं, की चैत्रात लग्नसराईला ते टोपल्यांनी देतं. थंडीत फुलायची ती शेवंती आणि झेंडू. गरोदर बाईला फुलांचे दागिने घालून पाटावर बसवतात, तिला वाडी भरणं म्हणतात. ती थंडीत भरायची तर शेवंतीचीच भरायची. पुष्पाबाई जाफराबादहून पिवळ्या शेवंतीची पाटीच घेऊन आली होती.

घराच्या पाठभिंतीला लागून मोगऱ्याची एक ओळ सगुणेनं लावलेली होती. मळ्यातल्या वाफ्यांपासून वेगळी. द्वारकाबाई तेव्हा तिला म्हणाली होती, “सावलीत मोगरा लावती का कोणी, येडे?” सगुणा हसली आणि लावत राहिली. हट्टी. घराण्यातच होतं ते.

निजामी सन तेराशे पंचेचाळीस फसलीचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसचा, तो हिवाळा. कापसाच्या गाड्या रात्रंदिवस बदनापूरच्या स्टेशनाकडं चाललेल्या; मच्छिंद्रही तिकडंच गेलेला. मळ्यात द्वारकाबाई आणि मोट हाकणारा तिचा नवरा कडूबा, जो कानानं अधू होता आणि सोयीप्रमाणं जास्तच अधू व्हायचा.

कळी पहिल्यांदा दिसली दुर्गेला.

“आत्याबाई, मागं मोगऱ्याला कळी आली.”

“डोळे धुऊन ये.”

पण डोळे धुऊन द्वारकाबाई स्वतः गेली, तर होती. मळ्यातले वाफे काटक्या होऊन उभे, आणि भिंतीची ही ओळ हिरवीगार, टपोऱ्या कळ्यांनी भरलेली. मुळाशी माती ओली. तिनं कडूबाला गाठलं.

“मागच्या ओळीला पाणी काहून सोडलं?”

“न्हाई सोडलं.”

“माती ओली हाये.”

“त्या पाटाचं तोंड म्या दसऱ्यालाच बुजवलं. वर धोंडा हाये. बघ जाऊन.”

धोंडा होता. त्याच्याखाली कोळ्यानं जाळंही विणलेलं होतं. द्वारकाबाईनं स्वतःला सांगितलं, की विहिरीला झिरा असतो, झिऱ्याला वाट लागते ती माणसाला विचारून लागत नाही. हे बरोबरच होतं. मग तिनं एक उमललेलं फूल तोडून नाकाला लावलं.

टोपलीत हात न घालता, नुसत्या वासावरून कोणतं फूल कोणत्या वाफ्यातलं ते सांगणारी बाई ती. फुलाला वास नव्हता. कमी होता असं नाही. ओल्या दगडाला असतो तेवढाही नव्हता.

थंडीनं, ती मनाशी म्हणाली. थंडीनं वास धरत नसेल.

३

वास घरात होता.

घर धाब्याचं, तीन खणांचं. पुढं ओसरी, मधे चूल आणि देव, आणि सगळ्यात आत ज्वारीच्या कणग्यांची खोली. त्या खोलीला खिडकी नाही, धाब्याला एक झरोका. दुर्गा तिथं झोपायची, कारण थंडीत तीच खोली उबदार. द्वारकाबाई सकाळी ज्वारी काढायला आत गेली आणि दारातच थबकली. चैत्रातल्या भरल्या टोपल्यांचा वास. इतका की जिभेवर गोडसर लागला.

तिनं कणग्यांच्या मागं पाहिलं, वाकळा झटकल्या. दुर्गेचं डोकं हुंगलं. पोरगी लाजली. केसात फूल नव्हतं.

“फुलं कुठं ठेवली?”

“कुठली, आत्याबाई?”

खरं तर फुलं सगळी देवापाशी होती. रीतच होती ती. दिवेलागणीला दुर्गा गळ्यातला टाक काढून पितळेच्या ताटलीत ठेवायची, त्याच्यापुढं ओंजळभर कळ्या. सकाळी न्हाऊन टाक गळ्यात, मग उरलेल्या कळ्या तिच्या.

आता एक बारीकशी गोष्ट. इतकी बारीक, की द्वारकाबाईनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून तशीच सोडून दिली. संध्याकाळी ठेवलेल्या कळ्या सुट्या होत्या. सकाळी त्या गुंफलेल्या होत्या.

दुर्गेनं गुंफल्या असतील, तिला वाटलं. दुर्गेला वाटलं, आत्याबाईंनी. एका घरात दोन बायका असल्या की असंच होतं. निम्मी कामं कोणी केली ते कोणी विचारत नाही. शेवटी विचारलं द्वारकाबाईनंच.

“गजरा चांगला बांधतीस गं. कोणी शिकवलं?”

“मी कुठं? मला वाटलं तुम्हीच बांधून राह्यल्या.”

“मही नजर गेली आता. बारीक गाठी न्हाई जमत.”

मग द्वारकाबाई म्हणाली, “बांध बरं एक, मह्यासमोर.”

दुर्गेनं सुई मागितली. जाफराबादकडं फुलं सुईनं ओवतात. हे गजरे केळीच्या सोपटात, खोडाच्या सालीच्या दोरीत, गाठी मारून बांधलेले होते, दोन कळ्या अशा, दोन तशा, मधे तिढा. त्याला सोपटाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून वाकून बसावं लागतं. द्वारकाबाईनं तिला सोपट दिलं. पोरीनं वाकून पाहिलं, आणि पोट मधे आलं. अंगठ्यापर्यंत हातच पोचेना. ती हसायला लागली. द्वारकाबाईही हसली.

हसून झाल्यावर तिनं सोपट गुंडाळून कोनाड्यात ठेवलं आणि हात पदराला पुसले, दोन्ही, पुन्हा पुन्हा.

त्या गाठी तिला ओळखू आल्या होत्या. का येणार नाहीत? भावाच्या पोरीला तिनंच शिकवल्या होत्या.

पण तिनं ते कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही. झोपेत माणूस चालतं, बोलतं, तसं गुंफत असेल दुर्गा. पोटुशी बाईच्या नाना तऱ्हा. आणि दुसरं असं, हे सांगू का नको, की कळ्यांचं ताट सकाळी उघडताना तिला भीती वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं.

४

असे दिवस गेले आणि गजरे वाढत गेले. आधी वेणी झाली. मग दोन बाजूबंद. मग गळ्यातला हार. वाडीचे दागिने एकेक करून तयार होत होते, आणि वाडीची तिथी द्वारकाबाईनं अजून मोठ्यानं उच्चारलीसुद्धा नव्हती. ओलं फडकं झाकून ठेवलेली ही फुलं सुकतही नव्हती. मग पुष्पाबाई आली आणि तिनं फडकं उचललं.

तेव्हापासून हे भांडण. रात्री जेवताना झालं, सकाळी तोंड धुताना झालं, आता दुपार होत आली तरी चालूच होतं.

“काल हे नव्हतं,” पुष्पाबाई देवापुढचं ताट ओसरीत आणून त्यापुढं बसत म्हणाली. सगळ्यात वर फुलांचा कमरपट्टा होता, चार पदरी, घट्ट गाठींचा.

“नसंल बघितला तुमी.”

“मह्या हातानं फडकं टाकल्तं. कोणी केला?”

द्वारकाबाई म्हणाली, “कोणी का करंना. मापाचा हाये का ते बघा.”

दुर्गेला बोलावलं. ती आली, कमरेला हात देऊन उभी राहिली. पुष्पाबाईनं नाक मुरडत पट्टा तिच्या पोटाभोवती धरला. दोन्ही टोकं एकमेकांवरून वीतभर पुढं गेली.

“सैल हाये,” दुर्गा म्हणाली.

“गाठ मारू पुढं,” द्वारकाबाई म्हणाली.

“नको ना, आत्याबाई. बिघडंल तो,” दुर्गा म्हणाली. तिनं पट्टा आईच्या हातातून जपून काढून घेतला, ताट उचललं आणि सगळंच घेऊन आत कणगीच्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, “मी बसते तयार होऊन.”

पुष्पाबाई द्वारकाबाईजवळ सरकली. मग तिचा आवाज खाली आला, आणि तो वरच्या आवाजापेक्षा वाईट होता.

“ईनबाई, ह्या पट्ट्याचं पोट सातव्याचं न्हाई. भरल्या दिवसांचं हाये.”

“कुणाचं पोट? हवेचं?”

“सगुणेचं पाचव्यात थांबल्तं. तुमी चोळी दिली सरावनात. तिथून किती झाले?”

“मेलेल्या माणसाचे महिने मोजता?”

“मी न्हाई मोजून राह्यले. जिनं पट्टा केला तिनं मोजले.”

द्वारकाबाई खूप हसली. गहू सुपातून उडाले एवढी हसली. ओसरीच्या कडेला चिलीम भरत बसलेल्या कडूबाला म्हणाली, “ऐकलं का, मेलेल्या बाईला दिवस गेले म्हणतात ह्या.” कडूबाला ऐकू आलं नाही किंवा त्यानं येऊ दिलं नाही. पण हसताना तिची बोटं लुगड्याच्या काठावर चालली होती. सरावन ते भादवा एक. भादवा ते आश्विन दोन. कार्तिक. मार्गशीर्ष. पाच आणि चार.

“आधी तिला, मंग हिला,” पुष्पाबाई म्हणाली. “तुमचीच रीत. लुगडं आधी तिला. फूल आधी तिला. उद्या लेकरू झालं, ते बी आधी तिलाच दावाल?”

“दावीन की. टाकाला टेकवीन न् तुमच्या लेकीच्या मांडीवर देईन.”

“आन् तिनं परत न्हाई दिलं तर?”

हा प्रश्न द्वारकाबाईनं स्वतःला कधी केला नव्हता. वर्षभरात इतक्या वस्तू त्या पत्र्याला टेकवल्या, आणि टेकवलेली प्रत्येक वस्तू परत मिळाली. लुगडी मिळाली, बांगड्या मिळाल्या. त्यामुळं परत मिळते, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

“पोरीला बोलावते,” ती उठत म्हणाली. “वाडी उरकू. उन्हं कलतील.”

“वाडी भरू नका. मी सांगून राह्यले, भरू नका. टाक काढा न् पोर द्या मला.”

“देणार न्हाई.”

५

चुलीपासून कणगीच्या खोलीचं दार चार पावलांवर. दार लोटलेलं होतं. आतून दुर्गेचा आवाज येत होता, हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसा. ती काहीतरी विचारी. थांबे. मग “हं” म्हणे.

द्वारकाबाईनं दार ढकललं. वास अंगावर आला.

झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता, त्यात ज्वारीची धूळ तरंगत होती. दुर्गा कणगीला पाठ लावून पाटावर बसलेली. अंगावर एकही फूल नव्हतं. हातात सोपटाचं टोक होतं, आणि ते सोपट ढिलं नव्हतं. ताणलेलं होतं. खोलीच्या त्या बाजूला, उन्हाच्या पट्ट्यापलीकडं, दुसरा पाट मांडलेला होता. घरात दोनच पाट. दुसरा आणला कोणी, हे द्वारकाबाईच्या मनात आलं, आणि एवढंच मनात येत राहावं असं तिला वाटलं.

“कोणाशी बोलतीस गं?”

“थोडंच ऱ्हायलंय, आत्याबाई. मी काही न्हाई करत, मी नुसतं टोक धरते.” पोरीचा चेहरा शांत, झोपून उठल्यासारखा. “तो पट्टा मला सैल व्हता ना? हिला बराबर बसला.”

द्वारकाबाईनं पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवायला वेळच मिळाला नाही.

फुलांचा पट्टा पाटावर ठेवला तर तो पडतो. फुलांना काय कणा असतो? हा पडलेला नव्हता. पाटापासून वीतभर वर होता, गोल, मागं सपाट आणि पुढं भरून आलेला. आत काहीच नव्हतं. पलीकडची सारवलेली भिंत त्यातून स्वच्छ दिसत होती, भिंतीवरचा भेगाळलेला पोपडासुद्धा. कळ्यांचा पुढचा भाग सावकाश वर यायचा, थांबायचा, खाली जायचा. दमलेली बाई बसून श्वास घेते तसा. मग डाव्या अंगाच्या दोन-तीन कळ्या, आतून कोणी टाच लावावी तशा, चटकन उडाल्या आणि जागेवर आल्या.

पाच लेकरं पोटात वाढवलेली बाई ती. ते काय असतं हे तिला कोणी सांगायला नको होतं.

झोपेत चालणं, झिरे, भिंतीची ऊब, सगळी उत्तरं तिनं एकदा मनात फिरवून पाहिली. ती आपापल्या जागी बरोबर होती. इथं त्यांचा उपयोग नव्हता.

बाहेर पुष्पाबाईचा आवाज चालूच होता. गाडीवानाला बैल जुंपायला सांगत होती; कडूबाला विचारत होती, तुमी तरी काही बोला की. कडूबा म्हणत होता, “आँ?” मग चुलीपाशी तिची पावलं वाजली. “ईनबाई, मी आत येऊन राह्यले,” ती म्हणाली. “मही पोर मला द्या. न्हाई दिली तर इथं बसून ऱ्हाईन, पाणी बी घ्यायची न्हाई.”

द्वारकाबाईनं आधी दुर्गेच्या गळ्यातला टाक काढला. डोक्यावरून दोरा काढताना पोरीचे केस अडकले, ते सोडवले. टाक ऊन होता, अंगाचा असेल. तो तिनं स्वतःच्या कमरेला खोचला. मग पोरीच्या हातातलं सोपटाचं टोक आपल्या हातात घेतलं. दुर्गेची बोटं सोडायला तयार नव्हती. एकेक उघडावं लागलं.

टोक हातात आलं आणि पलीकडून हलकीच ओढ लागली. दोनदा. लहानपणी ती पोर असंच करायची, आत्या, तुमी नीट धरा ना, म्हणून.

“ऊठ,” ती दुर्गेला म्हणाली. “तुही आई आली. जा तिच्यासंगं.”

“आन् वाडी?”

“जा म्हणते ना.”

दुर्गा भिंतीला धरून उठली आणि दारात आली, तिथं पुष्पाबाईनं तिचं मनगट पकडलं. पुष्पाबाईनं आत डोकावून पाहिलं. तिला कणग्या दिसल्या, ऊन दिसलं, आणि पलीकडच्या पाटाशेजारी जमिनीवर बसत असलेली आपली विहीण दिसली, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, हातात सोपट धरून.

“मंग तुमी बी चला की ईनबाई,” ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात भांडण कमी होतं. “उठा. हितं नका बसू. अशा येळी एकटं ऱ्हातं का कोणी? वाद घालायचा तर वाटंनं घालू.”

द्वारकाबाईनं सोपट अंगठ्यात धरलं, मान वर न करता एक गाठ पक्की केली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “तुमच्या लेकीचं बाळातपण तुमी करा, ईनबाई; मह्या भावाच्या लेकीचं मी हितं करते.”